कुंडीतला हरभरा आणि वेलीवरचे खरबूज : ज्येष्ठांनी काय लावावे, काय खावे?

निवृत्तीनंतर अनेकांचा ओढा अंगणाकडे, गच्चीकडे किंवा निदान सज्जातल्या चार कुंड्यांकडे वळतो. ‘डॉक्टर, फुलझाडे पुष्कळ झाली, आता खाण्याजोगे काही लावावे म्हणतो, काय लावू?’ हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. उत्तरादाखल आज दोन परिचित वनस्पतींची तुलना करू. एक हरभरा आणि दुसरे खरबूज. एक थंडीतले, दुसरे उन्हाळ्यातले. एक बुटके झुडूप, दुसरी ऐसपैस पसरणारी वेल. वैद्यकीय दृष्टीने पाहता या दोहोंची गाठ उतारवयातील दोन मोठ्या अडचणींशी पडते. पहिली, अंगातील मांस झडणे. दुसरी, शरीरातील पाणी कमी पडणे.

श्रमांचा हिशेब

हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरावा. स्वयंपाकघरातील सालासकट अख्खे देशी हरभरेही बियाणे म्हणून चालतात. भाजलेले फुटाणे अथवा डाळ अर्थातच उगवणार नाही. दहा-बारा इंच रुंदीच्या कुंडीत पाच-सहा दाणे सुमारे दोन इंच खोल टोचावेत. या झाडाला पाणी बेताचेच लागते. माती वरून सुकल्यावरच पाणी द्यावे, अन्यथा मुळे कुजून झाड मरते. मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात, त्यामुळे खताचाही फारसा खटाटोप नाही. महिनाभरात शेंडे खुडले की झाड फुटवे धरते आणि खुडलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी किंवा घोळाणा होतो. पुढे घाटे भरले की ओले, हिरवे दाणे सोलून खाता येतात. घाट्यांना भोक पाडणारी अळी दिसल्यास हातानेच वेचून टाकावी.

खरबुजाचे तसे नाही. जानेवारी-फेब्रुवारीत बी टोकल्यापासून सुमारे तीन महिने त्याला भरपूर ऊन, मोठी व खोल कुंडी आणि वेल चढवायला भक्कम मांडव लागतो. एप्रिलच्या उन्हात मोठ्या वेलीला कधी कधी दोन वेळा पाणी द्यावे लागते. उंच मजल्यावर मधमाश्या फिरकल्या नाहीत, तर सकाळी नरफुलातील पराग बुडाशी इवलेसे फळ असलेल्या फुलाला हाताने लावावे लागतात. पाने ओली राहिल्यास केवड्यासारखे रोग येतात. एवढे करून एका वेलीला एक-दोन चांगली फळे मिळाली तरी समाधान मानावे.

दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे दहा किलोंचे ओझे आहे. गुडघे दुखणाऱ्या, तोल जाणाऱ्या किंवा नुकतेच हृदयाचे दुखणे होऊन गेलेल्या व्यक्तीने भर उन्हाळ्यात ते उचलू नये. म्हणून एकट्याने बाग सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना माझा सल्ला सरळ आहे. लावायला हरभरा घ्यावा. खरबूज बाजारातून आणावे. घरात मदतीला तरुण हात असतील, तर वेलीचा आनंद अवश्य घ्यावा.

ताटातील तुलना

शंभर ग्रॅम शिजवलेल्या हरभऱ्यात सुमारे आठ-नऊ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच खरबुजात एक ग्रॅमही नसते. भारतीय प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. उतारवयात मूत्रपिंडे निरोगी असल्यास १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. चहा-बिस्किटे आणि मऊ भात यांवर दिवस काढणाऱ्या आजी-आजोबांच्या मांड्या बारीक होतात, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो आणि पुढे पडण्याचा धोका वाढतो. त्यांच्यासाठी वाटीभर उसळ किंवा पिठले मोलाचे आहे. हरभऱ्यातील चोथ्याने बद्धकोष्ठही कमी होते आणि त्यातील पिष्ट सावकाश पचत असल्याने रक्तातील साखर एकदम उसळत नाही. कुंडीतून मिळणारे दाणे मूठभरच असतील; उसळीचे हरभरे वाण्याकडूनच आणावे लागतील, हे ध्यानी ठेवावे.

खरबुजात नव्वद टक्के पाणी असते. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. पाण्याची गरज असूनही ‘तहानच लागत नाही’ असे ज्येष्ठ सांगतात. लघवी गडद होणे, जीभ कोरडी पडणे, उठताना घेरी येणे किंवा अचानक असंबद्ध बोलणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे असू शकतात. शुश्रूषा करणाऱ्यांनी ती केवळ ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडू नयेत. दीडशे ग्रॅम फोडींतून सुमारे १३५ मिलिलिटर पाणी पोटात जाते. पेला पुढे केला की मान फिरवणारी व्यक्ती गोड फोडी आनंदाने खाते, हा खरबुजाचा मोठा गुण. मधुमेहींनी मात्र रस काढू नये, वर साखर पेरू नये आणि छोट्या वाटीवर थांबावे.

औषधे आणि आजार पाहूनच

‘फळ हलके, हरभरा जड’ हा समज पोटापुरता ठीक. मूत्रपिंडांच्या बाबतीत तो फसवा आहे. शंभर ग्रॅम शिजवलेल्या हरभऱ्यात आणि तेवढ्याच खरबुजात पोटॅशियमचे प्रमाण जवळपास सारखे, म्हणजे पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. मूत्रपिंडांचा जुना आजार असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी दोहोंचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्तातील पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि त्याची आगाऊ सूचना मिळेलच असे नाही. हृदयविकारामुळे पाणी मोजून घेणाऱ्यांनी खरबुजातील पाणीही हिशेबात धरावे. वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी हरभऱ्याची पालेभाजी एका आठवड्यात भरपूर आणि पुढच्यात शून्य असे करू नये. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्वाचे प्रमाण स्थिर राहिले पाहिजे. या पाल्यात ऑक्झॅलिक आम्लही असते, म्हणून मूतखडा होऊन गेलेल्यांनी तो बेताने खावा.

घास सुरक्षित हवा

हरभरे आठ ते बारा तास भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे आणि बोटाने चिरडतील इतके मऊ शिजवावेत. वायूचा त्रास कमी होतो. वर लिंबू पिळल्यास लोह चांगले शोषले जाते. कवळी असणाऱ्यांना, आणि विशेषतः अर्धांगवायूनंतर गिळताना ठसका लागणाऱ्यांना, अख्खे हरभरे व फुटाणे देऊ नयेत. पातळसर रसही श्वासनलिकेत जाऊ शकतो. अशा रुग्णांसाठी अन्नाचा दाटपणा तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावा.

खरबुजाच्या खडबडीत सालीत मातीबरोबर जंतूही अडकतात आणि सुरी त्यांना गरापर्यंत नेते. २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोतील एका शेतातून आलेल्या खरबुजांमुळे लिस्टेरिया जंतूची साथ पसरली आणि ३३ माणसे दगावली. त्यांत बहुतेक वृद्ध होते. म्हणून फळ कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली साल घासून धुवावी, कापलेल्या फोडी झाकून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि रस्त्यावर उघड्यावर कापून ठेवलेले फळ टाळावे. कुंडीत ताजे शेण न घालता पूर्ण कुजलेले खतच वापरावे.

काळजीवाहकांसाठी

कुंड्या कमरेच्या उंचीवर मांडाव्यात, म्हणजे वाकावे लागत नाही. फरशीवर शेवाळ साचू देऊ नये. कुंडीखालच्या ताटल्यांतील पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटल्या घासाव्यात. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. मधुमेहींनी अनवाणी मातीत उतरू नये. काम मात्र ज्येष्ठांच्या हातून काढून घेऊ नका. छोटी झारी त्यांच्या हाती द्या, भाजी कधी खुडायची ते त्यांना ठरवू द्या. सकाळी उठून कुंडीपर्यंत जाण्याचे निमित्त मिळाले की पाय हलतात आणि घरात आपली गरज आहे ही भावनाही टिकते.

पेरणीपूर्वी एवढे करा. आपल्या गोळ्यांची यादी आणि क्रिएटिनिन व पोटॅशियमचा अलीकडचा अहवाल घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि दोन प्रश्न विचारा : हरभरा किती खाऊ? खरबूज किती खाऊ? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघरात, सर्वांना दिसेल असा लावा.