अमेरिकी विद्यापीठांतील शुल्कमाफी

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे प्राध्यापकांबरोबरच कार्यालयीन व देखभाल विभागांतील कर्मचाऱ्यांना, तसेच त्यांच्या जोडीदाराला व अवलंबित मुलांना, शिक्षणशुल्कात पूर्ण किंवा अंशतः सूट देतात. वेतनाव्यतिरिक्त मिळणाऱ्या या लाभाला शुल्कमाफी म्हणतात. तेथील करसंहितेच्या कलम ११७ (डी) अन्वये पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी मिळालेली ही सूट, उच्चवेतनधारकांना झुकते माप दिलेले नसल्यास, करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. पदव्युत्तर शिक्षणाला मात्र सर्वसाधारणपणे कलम १२७ लागू होते आणि त्यानुसार कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या शिक्षणापुरतीच रक्कम करमुक्त ठरते, जिची वार्षिक मर्यादा २०२५ मध्ये ५,२५० डॉलर होती. त्यामुळे एखाद्या लिपिकाला त्या वर्षी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे १०,००० डॉलर शुल्क माफ झाले असल्यास उरलेले ४,७५० डॉलर सामान्यतः त्याच्या करपात्र वेतनात मिळवले जातात, आणि शुल्क न भरताही करकपातीमुळे त्याच्या हाती पडणारा पगार कमी होतो.