दात पांढरे करण्याआधी

लग्नाची तारीख ठरली की दंतवैद्याकडे फोन जातो, ‘दात पांढरे करायचे आहेत.’ अशा अनेकांना खरं तर स्केलिंग हवं असतं. स्केलिंगमध्ये दातांवर साचलेलं कीटण आणि चहाचे वरवरचे डाग निघतात. दाताचा मूळ रंग तसाच राहतो. ब्लीचिंगमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड एनॅमलमधून आत झिरपतं आणि रंग देणाऱ्या रेणूंचं विघटन करतं. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बऱ्याच जणांचं पहिल्याच कामात भागतं.

पिवळसर दात म्हणजे आजारी दात, हा समज मला सर्वांत त्रासदायक वाटतो. एनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटीन मुळातच पिवळसर. वयाबरोबर एनॅमल पातळ होत जातं, डेंटीन जाड होतं. साठीतला दात विशीतल्यासारखा दिसत नाही, यात त्या माणसाची काही चूक नाही.

ब्लीचिंगने दात झिजतात, असंही सर्रास ऐकू येतं. दंतवैद्याच्या देखरेखीखाली योग्य प्रमाणात वापरलेल्या जेलने तसं होत नाही. दात झिजतात ते घरगुती म्हणून बिनधोक मानल्या जाणाऱ्या उपायांनी. लिंबाचं आम्ल एनॅमल विरघळवतं, कोळशाची भरड पूड ते घासून काढते, आणि गेलेलं एनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. जितकं एनॅमल जातं तितकं खालचं डेंटीन जास्त दिसू लागतं, म्हणजे दात आणखी पिवळे!

दवाखान्यात आधी कीड आणि हिरड्या तपासतात, छटांच्या पट्टीशी दाताचा रंग ताडून पाहतात. मग हिरड्यांवर संरक्षक थर देऊन २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं जेल लावतात, आणि ते पुसून पुन्हा लावतात. यात साधारण तास-दीड तास जातो. निळा दिवा लावला म्हणजे परिणाम नक्की वाढतो, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. त्या रात्री दातांतून सणक येऊ शकते, गार पाणी झोंबतं. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. खुर्चीतून उठताना दात सर्वांत पांढरे दिसतात, कारण ते कोरडे पडलेले असतात. काही दिवसांनी रंग किंचित उतरतो. यात फसवणूक नाही, पण डॉक्टरांनी हे आधीच सांगायला हवं.

घरी रात्री दातांवर जेल भरलेला ट्रे घालून करायची पद्धत १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी मांडली. तिच्यातलं १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड म्हणजे सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन आठवडे किंवा जास्त लागतात, सणक सहसा कमी येते. ज्यांना घाई नाही त्यांनी या पद्धतीचा जरूर विचार करावा. दोन्ही पद्धतींचा परिणाम कायमचा नसतो.

कॅप आणि दातांत भरलेलं सिमेंट यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. समोरच्या दाताला कॅप असेल, तर बाकीचे उजळल्यावर तीच उठून दिसते. त्यामुळे आधी ब्लीचिंग, मग साधारण दोन आठवडे थांबून नव्या रंगाशी जुळणारं फिलिंग किंवा कॅप, असा क्रम ठेवतात. गरोदरपणात हे काम पुढे ढकलतात.

दाताचा रंग कशामुळे बदलला, यावर तर सगळंच अवलंबून आहे. चंद्रपूर, यवतमाळकडच्या फ्लोराइडयुक्त पाण्याने आलेल्या डागांवर नुसत्या ब्लीचिंगने पुरेसा फरक पडेलच असं नाही. पांढरे ठिपके सुरुवातीला जास्तच उठून दिसतात. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकामुळे आलेला करडेपणा कमी व्हायला कित्येक महिने लागतात. एकच दात काळवंडला असेल, तर बहुधा त्याची नस मेलेली असते आणि तिथे आधी रूट कॅनाल लागतं.

मिश्रीचे तपकिरी डाग स्केलिंगने बरेचसे निघतात, पण मिश्री चालू राहिली की ते परततात. मिश्री किंवा तंबाखूची सवय असलेल्यांनी ब्लीचिंगसाठी पार्लरच्या खुर्चीत बसूच नये. त्यांच्या तोंडाची आतून नीट तपासणी व्हायला हवी. गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा चट्टा दिसला, तर तो कर्करोगाआधीचा बदल असू शकतो. अशा वेळी ब्लीचिंग बाजूला ठेवून आधी त्याचं निदान करून घ्यावं.