गार घर कोणाला परवडते?

परभणीत मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा पर्यावरणस्नेही घर हा केवळ चर्चासत्राचा विषय राहत नाही. माझी आई अजून वस्तीतल्या पत्र्याच्या घरात राहते. उन्हाळ्यातली दुपार ती लिंबाखाली काढते.

बिल्डर असे घर केव्हा बांधतात? निसर्गप्रेमापोटी बांधणारा एखादा असेलही. बाकीचे हिशेबाने बांधतात. घर विकले की बिल्डर मोकळा होतो. गार भिंतीचा जादा खर्च त्याचा, वाचलेले वीजबिल राहणाऱ्याचे. म्हणून शासनाने सक्ती आणि आमिष असे दोन मार्ग धरले. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी आधी घ्यावी लागते. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीत 'गृहा' पद्धतीचे तीन, चार किंवा पाच तारे मिळवणाऱ्या इमारतीस अनुक्रमे ३, ५, ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळते. पुण्यात सात टक्के म्हणजे विकायला आणखी सदनिका. आपल्याकडे माणूस प्लॉट घेतो आणि गवंड्याकडून बांधून घेतो. त्याला तारे द्यायला येतो कोण?

परळीच्या राखेचेच घ्या. औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत बांधकामात राख वापरावी असे १९९९ मध्ये ठरले, २००३ मध्ये ते अंतर १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाले. गंगाखेड तर परळीला लागूनच. राखेच्या विटेला शेतातली माती लागत नाही, भट्टीचे जळण लागत नाही. पण गवंडी ती घेतो ती स्वस्त आणि सरळ कडेची मिळाली तरच.

येथे कोणी माळवदाची आठवण काढील. पांढऱ्या मातीचे जाड माळवद गार असते हे खरे. पण ते वाड्यावर होते. गावकुसाबाहेर तुराट्यांचे कूड होते. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशाच दगडमातीखाली हजारो माणसे गाडली गेली. आपल्या माणसाला सिमेंटच हवे असते, त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा कुडाच्या घरात काढावा.

वस्तीत घर उभे राहते ते रमाई किंवा प्रधानमंत्री आवास योजनेतून. ग्रामीण आवास योजनेत २०१६ पासून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर. हप्ता सुटतो तो जोते, छत अशा टप्प्यांच्या फोटोवर. छत आले की नाही एवढेच फोटोत दिसते. त्याखाली दुपारी बसता येते का, ते दिसत नाही. २०२५ मध्ये राज्याने ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार सौर पॅनेलसाठी. म्हणजे आमिष घरकुलालाही लावता येते. मग गार छपरासाठी जादा हप्ता का नको? ग्रामसभेत हा प्रश्न लेखी मांडावा आणि ठरावात नोंदवून घ्यावा.

यंदा काही विद्यार्थ्यांना घेऊन आईच्या पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले. संध्याकाळी घर लवकर निवते, असे ती म्हणते. दुपारी मात्र अजून लिंबाखालीच असते.