रस्त्याकडेचे गवत आणि वणवा

पावसाळा संपतो तेव्हा सह्याद्रीतील घाटरस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कमरेइतके गवत उभे असते. दिवाळीच्या सुमारास ते पिकू लागते आणि माघापर्यंत पूर्ण वाळते. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ हा आपल्या राज्यात वणव्यांचा काळ मानला जातो. हे वणवे बहुतांशी मानवनिर्मित असतात. भातशेतीचे राब भाजताना सुटलेली आग, मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखाली पेटविलेला पाचोळा, जुने गवत जाळल्यास पुढील वर्षी चांगले गवत येते ही समजूत आणि वाटसरूने फेकलेले विडीचे थोटूक ही त्यांची नेहमीची कारणे होत. यांपैकी शेवटच्या कारणाची जागा आपणांस आधीच ठाऊक असते. ती म्हणजे रस्त्याची कड.

वणव्यात केवळ जंगल जळत नाही. कोकणात आंबा-काजूच्या बागा आणि गवताच्या गंजी होरपळतात; घाटमाथ्यावर ऐन उन्हाळ्याची वैरण जाते.

आगीला पुढे सरकण्यास जळण मिळू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. या दृष्टीने रस्ता ही आयती जाळरेषाच होय. तथापि एकेरी डांबरी रस्ता साधारणपणे पावणेचार मीटर रुंद असतो आणि वाऱ्याने झुकलेली ज्वाला तेवढे अंतर सहज ओलांडते. दोन्ही कडांचे तीन-तीन मीटर गवत काढल्यास हीच मोकळी जागा पावणेदहा मीटर होते.

घाटात मात्र दोन्ही बाजू सारख्या नसतात. आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाला व तापलेली हवा वरच्या गवताला आधीच वाळवून ठेवतात. रस्त्यावरची ठिणगी डोंगराकडील गवतात पडली, तर ती थेट माथ्याकडे जाते. मजूर आणि दिवस थोडे असतील, तर ती बाजू प्रथम घ्यावी. दरीकडील पट्टा खालून चढत येणाऱ्या आगीसाठी उपयोगी पडतो.

गवत पक्व होताच विळ्याने कापून, पेंढ्या बांधून उचलावे. कापलेले गवत तेथेच पडू दिले, तर रस्ता नीटनेटका दिसतो, पण जळण होते तेवढेच राहते. ही चूक फार ठिकाणी आढळते. फेब्रुवारीत पानगळीनंतर दुसरा फेरा आवश्यक असतो. सागाची पाने रस्त्याकडेच्या चरात साचतात आणि थोटूकही नेमके तेथेच पडते. यंत्राने माती खरवडू नये. मुळे राहिली तरच पावसाळ्यात उतार धरून राहतो. मोठी झाडे तोडण्याचे कारण नाही. वाळक्या खालच्या फांद्या आणि घाणेरी व रानमोडीची जाळी काढणे पुरेसे असते. पट्टा जाळून साफ करण्याचे काम वनखात्याच्या देखरेखीशिवाय कोणी अंगावर घेऊ नये.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना राज्यांच्या वनविभागांना देत आली आहे. परंतु उपग्रह ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. दुपारी वाऱ्यावर पेटलेले गवत त्याची वाट पाहत नाही. पहिली बातमी गावातूनच यावी लागते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव वा संरक्षित वनात हक्क उपभोगणाऱ्यांबरोबरच वनालगतच्या गावातील सरकारी नोकरांवरही आगीची माहिती जवळच्या वन अधिकाऱ्यास किंवा पोलिसांस विनाविलंब देण्याचे आणि आग विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. या मासिकाच्या पुष्कळ वाचकांचा समावेश त्यांत होतो, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

रस्त्याची हद्द सार्वजनिक बांधकाम विभागाची वा जिल्हा परिषदेची असते आणि तिच्यापलीकडे बहुधा वनखात्याची किंवा खाजगी मालकीची जमीन लागते. तीन मीटरांचा पट्टा कधीकधी या दोन्ही हद्दींत पडतो व प्रत्येक कार्यालय तो दुसऱ्याचा समजते. यास्तव ग्रामसभेचा ठराव ऑक्टोबरपूर्वीच करून त्याच्या प्रती दोन्हीकडे पाठवाव्यात आणि कापलेल्या वैरणीची वाटणी कशी व्हावी, हेही त्याच ठरावात लिहावे.