फोन घेताना आधी घर आठवा

शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज त्या क्रमांकाच्या कितीतरी कामांना फोनवर ओटीपी लागतो. रेंजसाठी टेकडी चढावी लागली, तर ओटीपीची मुदत वाटेतच संपते.

गुजरातेतून ऊसतोड करून आलेला धडगावकडचा एक तरुण मला दुकानात घेऊन गेला. सारख्या किमतीचे दोन फोन दाखवून म्हणाला, ‘‘चाचा, यातला कोणता घेऊ? याचा कॅमेरा १०८ मेगापिक्सेलचा आहे, त्याचा ५०चा.’’

मी विचारले, ‘‘तुझ्या पाड्यावर रेंज कोणाची?’’

मित्रहो, निवड इथून सुरू होते. कमी वारंवारितेच्या लहरी डोंगराळ भागात लांबवर पोहोचतात. पण आपल्या कंपनीचा तो बँड फोनमध्ये नसेल, तर लहरी येऊनही उपयोग नाही. फोनच्या माहितीपत्रकात बँडची यादी असते, ती पडताळावी. रेंज क्षीण असली की बॅटरीही लवकर उतरते. म्हणून ती मोठी हवी. पैशांचे व्यवहार करायचे, तर सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हेही विचारावे. मेगापिक्सेल म्हणजे नुसती ठिपक्यांची संख्या. छायाचित्राचा कस सेन्सर आणि भिंगावरही ठरतो.

या कसोट्यांवर ५०वाला उतरला. आठवड्याने त्याचा फोन आला, ‘‘चाचा, घराच्या ओट्यावरून बोलतोय.’’