विश्लेषण : ‘फनिमेशन’ बंद झाले, मग विकत घेतलेले ॲनिमे गेले कुठे?

जपानी ॲनिमे अमेरिकेत घरोघरी पोहोचवणाऱ्या ‘फनिमेशन’चे ॲप आणि संकेतस्थळ २ एप्रिल २०२४ रोजी कायमचे बंद झाले. ही कंपनी दिवाळखोरीत निघाली नव्हती. ॲनिमेला मागणी नव्हती, असेही नव्हते. मालक कंपनीने आपल्या दोन सेवांपैकी एकच चालवायचे ठरवले, इतकेच. मात्र या निर्णयामुळे अनेक चाहत्यांच्या खात्यात वर्षानुवर्षे जमा झालेल्या डिजिटल प्रती एका दिवसात नाहीशा झाल्या. पैसे मोजून घेतलेली वस्तू विक्रेत्याला अशी परत घेता येते का, परदेशी चाहते वितरकावर इतके अवलंबून का असतात आणि भारतातील प्रेक्षकांनी यातून काय समजून घ्यावे, याविषयी…

नेमके काय घडले?

फेब्रुवारी २०२४ मध्ये फनिमेशनने आपल्या ग्राहकांसाठी सूचना प्रसिद्ध केली. २ एप्रिलपासून सेवा बंद होईल आणि वर्गणीदारांची खाती ‘क्रंचीरोल’ या भगिनी सेवेकडे वळवली जातील, असे त्यात म्हटले होते. त्यातच आणखी एक गोष्ट नमूद होती. फनिमेशनच्या डिजिटल प्रती क्रंचीरोलवर चालत नाहीत, त्यामुळे त्या यापुढे पाहता येणार नाहीत. चाहत्यांचा संताप झाला तो या ओळीमुळे.

दुसरा प्रश्न दरांचा होता. फनिमेशनला वर्षाला सुमारे ६० डॉलर देणाऱ्या काही अमेरिकी वर्गणीदारांना क्रंचीरोलसाठी जवळपास १०० डॉलर मोजावे लागणार होते. डिजिटल प्रतींबाबत क्रंचीरोलचे अध्यक्ष राहुल पुरिनी यांनी ‘द व्हर्ज’ला दिलेल्या मुलाखतीत, ग्राहक सेवा विभागाशी संपर्क साधणाऱ्यांना योग्य तो मोबदला देण्याचा प्रयत्न असल्याचे सांगितले. दुसऱ्या सेवेवर तीच प्रत किंवा वर्गणीत सवलत, असे त्याचे स्वरूप असू शकेल, असेही ते म्हणाले. म्हणजे भरपाई आपोआप मिळणार नव्हती. ती ज्याची त्याने मागायची होती.

फनिमेशनचे महत्त्व काय होते?

जेन फुकुनागा यांनी १९९४ मध्ये ही कंपनी सुरू केली. पुढे टेक्सास हे तिचे केंद्र बनले. फुकुनागा यांचे एक नातेवाईक जपानच्या ‘तोएई’ कंपनीत निर्माते होते. त्या ओळखीतून ‘ड्रॅगन बॉल’ या मालिकेचे अमेरिकेतील हक्क मिळाले. सुरुवातीचे प्रयत्न फारसे चालले नाहीत. १९९८ मध्ये ‘ड्रॅगन बॉल झी’ कार्टून नेटवर्कच्या ‘टूनामी’ या विभागात दाखवली जाऊ लागली आणि चित्र पालटले. भारतातही कार्टून नेटवर्कवर ही मालिका पाहत एक पिढी मोठी झाली.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’, ‘वन पीस’, ‘अटॅक ऑन टायटन’, ‘माय हीरो अकॅडेमिया’ अशा अनेक मालिका फनिमेशनने इंग्रजीत आणल्या. इंग्रजी डबिंग ही तिची खासियत. सबटायटल वाचायला कंटाळणारा प्रेक्षकही त्यामुळे ॲनिमेकडे वळला.

मग सेवा बंद का केली?

फनिमेशनची मालकी अनेकदा बदलली. २००५ मध्ये नव्हार कॉर्पोरेशनने ती घेतली आणि २०११ मध्ये फुकुनागा यांचा समावेश असलेल्या गुंतवणूकदारांच्या गटाला विकली. २०१७ मध्ये सोनी पिक्चर्सने कंपनीचा ९५ टक्के हिस्सा १४ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतला.

त्याच काळात क्रंचीरोल वाढत होती. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या संकेतस्थळावर आधी चाहतेच विनापरवाना भाग चढवत असत. २००९ पासून ते पूर्णपणे परवानाधारक सेवेत बदलले. जपानमध्ये भाग प्रसारित झाला, की थोड्याच वेळात तो सबटायटलसह जगभर दाखवायचा, ही तिची ताकद. सोनीने क्रंचीरोल ‘एटी अँड टी’कडून ११७ कोटी ५० लाख डॉलरला घेतली. अमेरिकेच्या न्याय विभागाने हा व्यवहार मक्तेदारीच्या दृष्टीने तपासला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तो पूर्ण झाला.

आता एकाच मालकाकडे दोन सेवा होत्या. दोन ॲप, दोन तांत्रिक यंत्रणा आणि जवळपास एकच ग्राहकवर्ग. मार्च २०२२ मध्ये सोनीने क्रंचीरोल हेच नाव पुढे नेण्याचे जाहीर केले. फ्रान्समधील ‘वाकानिम’ आणि अमेरिकेतील ‘व्हीआरव्ही’ या सेवा २०२३ मध्ये बंद झाल्या. १९८७ पासून चालत आलेले ‘राइट स्टफ’ हे ॲनिमे विक्रीचे दुकानही त्याच वर्षी क्रंचीरोलच्या दुकानात विलीन झाले. फनिमेशन हा या साखळीतील पुढचा दुवा होता.

डिजिटल प्रत म्हणजे काय आणि ती का गेली?

फनिमेशनच्या अनेक ब्ल्यू-रे आणि डीव्हीडी संचांत एक कागदी चिठ्ठी असे. त्यावरील कोड संकेतस्थळावर भरला, की ती मालिका ग्राहकाच्या खात्यात दिसू लागे. डिस्क घरी कपाटात आणि तीच मालिका प्रवासात मोबाइलवर, अशी ही सोय होती. या प्रती ‘कायम’ राहतील, असे कंपनी सांगत असे. मात्र त्यासोबत काही अटीही होत्या.

प्रत्यक्षात ग्राहकाकडे कोणतीही फाइल येत नव्हती. कंपनीच्या सर्व्हरवरील चित्रफीत पाहण्याची परवानगी त्याला मिळत होती. सर्व्हर बंद झाला, की परवानगीला अर्थ उरत नाही. ज्यांनी डिस्क सांभाळून ठेवल्या, त्यांचे फारसे नुकसान झाले नाही. पण जागेअभावी डिस्क विकून टाकणाऱ्यांकडे, घर बदलताना त्या हरवलेल्यांकडे किंवा आता डिस्क चालवण्याचे यंत्रच नसलेल्यांकडे दाखवायला काही उरले नाही.

यापूर्वी वितरक बंद पडले तेव्हा?

अमेरिकेत ॲनिमे वितरक बंद पडण्याची ही पहिली वेळ नाही. ‘जिनिऑन’ने २००७ मध्ये अमेरिकेतील वितरण थांबवले. ‘सेंट्रल पार्क मीडिया’ २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘एडीव्ही फिल्म्स’ने त्याच वर्षी आपली मालमत्ता विकली. ‘बंदाई एंटरटेनमेंट’ने २०१२ च्या सुरुवातीला नवी प्रकाशने थांबवत असल्याचे जाहीर केले. इंटरनेटवरील चाचेगिरी, घसरलेली डिस्कविक्री आणि हक्कांसाठी मोजलेल्या अवाच्या सवा किमती यांचा त्या काळातील वितरकांना फटका बसला.

तेव्हाही चाहत्यांचे हाल झाले. अर्धवट आलेल्या मालिकांचे उरलेले भाग लांबले, जुन्या संचांच्या किमती वाढल्या. पण आधी घेतलेली डिस्क कपाटात शाबूत होती. ती पाहण्यासाठी कंपनी जिवंत असण्याची गरज नव्हती. दुसरे म्हणजे, बंद पडलेल्या वितरकाच्या मालिका उचलायला दुसरा वितरक पुढे येई. जिनिऑनची ‘हेलसिंग अल्टिमेट’ किंवा बंदाईची ‘काउबॉय बीबॉप’ नंतर बाजारात आणली ती फनिमेशननेच. इतरांच्या पडझडीतून मालिका वाचवणाऱ्या या कंपनीच्या ग्राहकांवर तीच वेळ आली, तेव्हा मात्र त्यांच्या खात्यातील प्रती सांभाळणारे कुणी नव्हते.

परदेशी चाहत्यांना वितरकाची इतकी गरज का?

जपानमध्ये बहुतेक ॲनिमे एकट्या स्टुडिओच्या मालकीचे नसते. प्रकाशक, दूरचित्रवाणी वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी बनवणारी कंपनी असे अनेक जण मिळून ‘निर्मिती समिती’ स्थापन करतात आणि हक्क त्या समितीकडे असतात. ही समिती परदेशी वितरकाला ठरावीक देशांसाठी, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक माध्यमासाठी परवाना देते. करार संपला आणि पुढे वाढवला नाही, की मालिका त्या देशातून अधिकृतपणे दिसेनाशी होते. जपानमध्ये ती तेव्हाही उपलब्ध असू शकते.

जपानी डिस्क थेट मागवावी, तर त्यावर इंग्रजी सबटायटल असतीलच असे नाही. त्यात विभागांचे कुलूप असते. डीव्हीडीसाठी अमेरिका विभाग १, जपान विभाग २ आणि भारत विभाग ५ मध्ये येतो. ब्ल्यू-रेसाठी जपान आणि अमेरिका ‘ए’ विभागात, तर भारत ‘सी’ विभागात आहे. त्यामुळे हजारो रुपये मोजून मागवलेली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालेलच, याची खात्री नसते. भाषांतर, डबिंग, परवाना आणि प्रसारण ही सारी साखळी वितरकाच्या हातात असते. तो गेला, की परदेशी चाहत्याचा अधिकृत मार्गच तुटतो.

एकाच कंपनीकडे सारे आल्याने काय होईल?

फायदा उघड आहे. आधी एक मालिका फनिमेशनवर, दुसरी क्रंचीरोलवर अशी दोन वर्गण्यांची कसरत होती. ती संपली. क्रंचीरोलच्या वर्गणीदारांची संख्या २०२१ मधील सुमारे ५० लाखांवरून २०२४ मध्ये दीड कोटीच्या पुढे गेली. जपानी ॲनिमेशन उद्योग संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये ॲनिमेची एकूण बाजारपेठ सुमारे ३.३५ लाख कोटी येन होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे १.७२ लाख कोटी येन, जपानबाहेरून आले. परदेशी प्रेक्षक आता या उद्योगाचा मोठा आधार आहे.

पण जुन्या काळी एक वितरक बुडाला, तरी चार उभे होते. नेटफ्लिक्स, ‘हायडाइव्ह’सारखे पर्याय आजही आहेत, मात्र फक्त ॲनिमेला वाहिलेल्या सेवांत क्रंचीरोलच्या जवळपास कुणी नाही. दर, डबिंगच्या भाषा आणि कमी पाहिल्या जाणाऱ्या जुन्या मालिका ठेवायच्या की नाही, हे बहुतांशी एकाच ठिकाणी ठरते. पैसे भरूनही मालिका हातची जाणार असेल, तर चाहते पुन्हा चाचेगिरीकडे वळतील, ही भीती त्यामुळेच व्यक्त होते.

भारतातील प्रेक्षकांनी काय समजावे?

फनिमेशनची सेवा भारतात अधिकृतपणे कधी सुरूच झाली नाही, त्यामुळे थेट फटका इथे बसला नाही. मात्र वितरक गेल्यावर काय होते, हे इथल्या चाहत्यांनी आधीच अनुभवले आहे. सोनीची ‘ॲनिमॅक्स’ वाहिनी २००४ मध्ये भारतात आली. एप्रिल २०१७ मध्ये ती बंद होऊन तिच्या जागी मुलांसाठीची ‘सोनी ये’ वाहिनी सुरू झाली. मोठ्या वयाच्या ॲनिमे प्रेक्षकाला घरच्या टीव्हीवर हक्काची जागा उरली नाही.

त्यानंतर ही पोकळी मोबाइलने भरली. क्रंचीरोलने २०२२ मध्ये भारतातील दर कमी केले आणि हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंगवर भर दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा मोठ्या शहरांत पहाटेचे खेळ लावावे लागले. प्रेक्षक वाढला आहे, पण त्याचा जवळपास सारा संग्रह कुणा ना कुणाच्या सर्व्हरवर आहे.

कायदा काय सांगतो?

हा प्रश्न फक्त ॲनिमेपुरता नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांनी विकत घेतलेले ‘डिस्कव्हरी’चे कार्यक्रम काढून टाकण्याची घोषणा केली होती. टीकेनंतर नवा करार झाला आणि तो निर्णय मागे घेतला गेला. या आणि अशा घटनांनंतर कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला. ग्राहकाला मर्यादित परवानाच मिळणार असेल, तर ते स्पष्ट न सांगता डिजिटल वस्तूसाठी ‘खरेदी करा’ असा शब्द वापरता येणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. कायमस्वरूपी उतरवून घेता येणाऱ्या फाइलला यातून सूट आहे.

हा कायदा सेवा बंद करण्यापासून रोखत नाही, गेलेली प्रत परत मिळवून देत नाही. ग्राहकाला आधी खरे सांगा, एवढेच तो म्हणतो. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा समावेश आहे. मात्र ‘खरेदी’ या शब्दाबाबत अशी नेमकी सक्ती त्यात नाही.

प्रेक्षकांनी काय करावे?

वर्गणी म्हणजे भाडे, हे लक्षात घेऊनच पैसे भरावेत. ॲपमधील ‘डाउनलोड’ ही प्रत नव्हे. ॲप किंवा खाते बंद झाले, की ती उघडत नाही. ‘खरेदी’चे बटण दाबण्यापूर्वी सेवा बंद झाल्यास काय होईल, हे अटींमध्ये पाहावे आणि पावती जपून ठेवावी. भरपाई मागायची वेळ आली, तर तोच पुरावा असतो. जिवापाड आवडणारी मालिका डिस्कवर मिळत असेल, तर विभाग तपासून ती घ्यावी आणि सोबत डिजिटल प्रत मिळाली, तरी डिस्क विकून टाकू नये.