रीब्रीदरमधील कार्बन डायऑक्साइडचे शोषण : तत्त्व आणि मर्यादा

प्रस्तावना :
चुन्याच्या निवळीत फुंकर घातली असता ती दुधाळ होते, हा शालेय प्रयोग सर्वपरिचित आहे. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा चुन्याशी संयोग होऊन अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट तयार होते, हे त्याचे कारण होय. पाणबुड्याचा उच्छ्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारे रीब्रीदर हे उपकरण याच तत्त्वावर आधारलेले आहे. प्रस्तुत लेखात या शोषणप्रक्रियेचे स्वरूप व मर्यादा यांचा विचार केला आहे.

आवश्यकता :
साध्या स्कूबा साधनात प्रत्येक उच्छ्वास बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात सोडला जातो. वस्तुतः हवेतील सुमारे 21 टक्के ऑक्सिजनपैकी 4 ते 5 टक्केच शरीर वापरते. 30 मीटर खोलीवर दाब चौपट असल्याने हवेचा खर्चही चौपट होतो. रीब्रीदरमध्ये उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड काढून व ऑक्सिजनची भर घालून तोच वायू पुन्हा श्वासासाठी दिला जातो. इंग्लंडमधील हेन्री फ्लूस यांनी घडविलेल्या आरंभीच्या उपकरणात कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजविलेले दोराचे धागे शोषक म्हणून वापरले होते. पाण्याने भरलेल्या सेव्हर्न बोगद्यातील लोखंडी दार 1880 मध्ये अलेक्झांडर लँबर्ट या पाणबुड्याने हेच उपकरण लावून बंद केले.

रासायनिक प्रक्रिया :
आज शोषक म्हणून मुख्यतः सोडा लाइमचे दाणे वापरले जातात. त्यात प्रामुख्याने कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अल्प प्रमाणात सोडियम हायड्रॉक्साइड आणि ओलावा असतो. प्रथम कार्बन डायऑक्साइड या ओलाव्यात विरघळून कार्बोनिक आम्ल बनते. त्याची सोडियम हायड्रॉक्साइडशी अभिक्रिया होऊन सोडियम कार्बोनेट तयार होते. ते कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावते, तेव्हा कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होऊन सोडियम हायड्रॉक्साइड पुन्हा मोकळे होते. सैद्धांतिकदृष्ट्या 74 ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड शोषते. या प्रक्रियेत उष्णताही निर्माण होते.

मर्यादा :
प्रत्यक्षात ही क्षमता पूर्णपणे वापरली जात नाही. दाणे सैल भरले गेल्यास वायू पोकळीतून वाट काढतो व न शोषला जाताच पुढे जातो. थंड पाण्यात अभिक्रिया मंदावते, तर श्रमाने कार्बन डायऑक्साइडची निर्मिती वाढते. डब्यात पाणी शिरल्यास दाहक अल्कली द्रव तोंडापर्यंत येऊ शकतो. दाण्यांतील तापमान मोजून शोषकाची स्थिती अजमावता येते, परंतु तो केवळ अंदाज असतो.

याहून गंभीर बाब शरीराची आहे. कार्बन डायऑक्साइड साचल्यास धाप, डोकेदुखी व संभ्रम उद्भवतो, पुढे शुद्ध हरपते. म्हणजे ज्या बुद्धीने धोका ओळखावयाचा, तीच बाधित होते. शिवाय शोषक केवळ त्याच्यापर्यंत पोचलेला वायूच शुद्ध करू शकतो. दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्स होल येथे डेव्हिड शॉ हे अनुभवी पाणबुडे जानेवारी 2005 मध्ये सुमारे 270 मीटर खोलीवर एक मृतदेह वर आणण्याच्या प्रयत्नात मरण पावले. त्या खोलीवर दाट झालेला वायू श्रमाच्या वेळी पुरेसा आत-बाहेर करणे फुफ्फुसांना शक्य झाले नाही, असा निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय विश्लेषणात काढण्यात आला.

समारोप :
शोषणाचे रसायनशास्त्र शालेय पातळीवरचे असले, तरी त्याचा सुरक्षित वापर शिस्तीवर अवलंबून आहे. दाणे काळजीपूर्वक भरणे, वापराच्या वेळेची नोंद ठेवणे, श्रम टाळणे आणि शंका येताच राखीव नळकांड्यातील वायूकडे वळणे, हे नियम पाण्यात उतरण्यापूर्वीच अंगवळणी पडावे लागतात. कारण संकटसमयी विचार करण्यास आवश्यक असलेले भान तेथे शिल्लक राहीलच असे नाही.